काळ्या घोड्याचं टेबल

पद्माकर सोहोनी न्युरेम्बर्गमध्ये बरीच वर्षं सॉफ्टवेअर लिहीत होता आणि एवढ्या काळात जर्मनीने त्याच्या हुशारीची दखल घेतली नव्हती. त्याला त्याचं नवल वाटत नसे. ती हुशारी त्याने स्वतःही फारशी पाहिली नव्हती. पण गुरुवारी संध्याकाळी तो आला नाही, तर ‘सोहोनी कुठे?’ असं विचारणारी एक जागा या देशात होती. शहराबाहेर, हमरस्त्याच्या वळणावरचं जुनं गास्टहाउस, आपल्या भाषेत खाण्यापिण्याची खानावळ. पूर्वी टपालाच्या गाड्यांचे घोडे तिथे बदलत, म्हणून पाटीवर काळा घोडा. मुंबईचा पद्माकर त्या जागेला काळा घोडाच म्हणे.

तिथे कोपऱ्यात श्टामटिश होतं, म्हणजे नेहमीच्या मंडळींचं राखीव टेबल. तिथे आपण होऊन बसायचं नसतं, त्यांनी बोलवावं लागतं. हे ठाऊक नसल्यामुळे पद्माकर पहिल्याच दिवशी ऐटीत तिथे जाऊन बसला, आणि ‘उठा’ म्हणणं चौघा म्हाताऱ्यांच्या जिवावर आल्यामुळे तो तिथलाच झाला. ते बिअर पीत, हा सोडा घातलेला सफरचंदाचा रस. पण गप्पा ऐकणाऱ्याला वाटावं, चढलीय ती यालाच.

२००६ साली ते वळण काढून सरळ रस्ता करायचं ठरलं. गावच्या सभागृहात पडद्यावर नकाशा दाखवला. मुंबईच्या खड्ड्यांत हाडं खिळखिळी झालेल्या माणसाला चौपदरी रस्ता दिसला की भरून येतं. पद्माकरने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. शेजारच्या हेर लांग यांनी (हेर म्हणजे श्रीयुत), ते श्टामटिशवरचे निवृत्त सुतार, बोट दाखवलं तेव्हा त्याला दिसलं की तो देखणा रस्ता थेट काळ्या घोड्याच्या स्वयंपाकघरातून जात होता. वाजवलेल्या हातांचं आता काय करावं ते त्याला कळेना.

हरकती घेतल्या गेल्या, त्या फेटाळल्या गेल्या, आणि शेवटचा गुरुवार आला. मालकीण गेर्लिंडेबाईंनी पहिल्यांदाच स्वतःचा ग्लास भरला. पुढच्या गुरुवारी कुठे बसायचं, हा विषय कोणी काढेना. पद्माकरची खात्री पटली की जागा ठरलेली आहे, आणि टाळ्यावाल्याला ती सांगायची नाही हेही ठरलेलं आहे. त्याला फार वाईट वाटलं. निरोपाच्या वेळी वाईट वाटलं की आपला माणूस जे म्हणतो, तेच तो म्हणून गेला: “या ना एकदा घरी सगळे. गुरुवारीच या.”

आपल्याकडे यावर समोरचा ‘येऊ की’ म्हणतो आणि विषय मिटतो. इथे गेर्लिंडेबाईंसकट पाचही जणांनी डायऱ्या काढल्या. किती वाजता, हेर लांग यांनी विचारलं. केव्हाही या, पद्माकर म्हणाला. केव्हाही हे डायरीत लिहिता येईना, म्हणून सात ठरले. एवढं होऊनही तो घरी जाऊन बायकोला, मीनलला, काही बोलला नाही. कोण येतंय, असं त्याला मनातून वाटत होतं.

पुढच्या गुरुवारी ठरल्या वेळी बेल वाजली. अन्वीने दार उघडलं आणि आत येऊन लेंगा-बनियनमधल्या बापाला जर्मनमध्ये सांगितलं की ठेवणीतले कपडे घातलेली माणसं फुलं घेऊन उभी आहेत. मीनलने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं कसं असतं हे त्याला लग्नापासून पाठ होतं.

तिचा गुरुवारचा उपास. तिघांपुरती केलेली साबुदाण्याची खिचडी तिने आठ ताटल्यांत वाढली, जोडीला दही आणि घाईने परतलेला बटाट्याचा कीस. म्हाताऱ्यांनी ते पारदर्शक दाणे काट्याने उलटेपालटे करून पाहिले आणि निमूट संपवले. गेर्लिंडेबाई सारख्या ताटल्या उचलायला उठत. काळा घोडा सोमवारीच पाडला होता. मीनलने त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं आणि आणखी वाढलं. मग मात्र बाईंना रडू आवरेना. इतक्या वर्षांत कोणी मला वाढलं नव्हतं, एवढंच त्या म्हणाल्या.

हेर लांग यांनी घसा साफ केला. “तर, हेर सोहोनी. तीस वर्षं आम्ही एका टेबलावर बसतोय, पण कोणी कोणाला घरी बोलावलं नव्हतं. आता कुठे जायचं, आम्हाला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही बोलावलंत.”

पद्माकरला बसल्या जागी लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. मीनल हळूच मराठीत म्हणाली, “अहो, सांगा ना त्यांना, तुम्ही सहज म्हणाला होतात.”

त्याने ते सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारीही या, असं तो म्हणाला, या वेळी अगदी मनापासून. पुन्हा पाच डायऱ्या निघाल्या. लिहून झाल्यावर त्याने घाबरत मीनलकडे पाहिलं. ती स्वयंपाकघरात डबा उघडून किती साबुदाणा उरलाय ते बघत होती.