जाण्यापेक्षा जाणं-येणं स्वस्त

इंग्लंडला नवऱ्याकडे एकटीनं जायचं म्हणून मी घाबरले होते. धंतोलीच्या दवाखान्यात लस टोचून घ्यायला बसले, तेव्हा शेजारच्या जाड चष्म्याच्या आजीबाईंनी ते ओळखलं. त्या लंडनला लेकीकडे राहून आल्या होत्या.

"तिथं रेल्वेचं नुसतं जायचं तिकीट घेऊ नको वं," माझा दंड धरून त्या म्हणाल्या. "जाऊन-येऊन घे, स्वस्त पडते. फक्त सकाळची ऑफिसची गर्दी सरल्यावर निघायचं अन् त्याच दिवशी परतायचं."

भाचीकडे दुसऱ्या गावी आठवडाभर राहायला जाताना त्यांनी तसंच तिकीट काढलं. जेवण झालं आणि परतीचं तिकीट वाया जाणार हे काही त्यांना सहन होईना. पिशवी तिथंच ठेवून संध्याकाळी त्या लंडनला परत! लेक दारात थक्क.

"दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली न मी."

"तेव्हा तरी नुसतं जायचं काढलंत ना?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"काहून वं? महाग पडते न ते! आठवडाभर रोज जाऊन-येऊन केलं. भाची रडकुंडीले आली, 'मावशी, एक रात्र तरी झोपायले थांब!'"