उन्हातली ओली छत्री

“पाऊस माणसांसाठी येतो, कुत्र्यांवर तो नुसता पडतो,” असं ती एकदा म्हणाली होती. तेव्हा ती जिन्यात उकिडवी बसून कुणाच्या तरी कुत्र्याची बोटं सोडवत होती आणि मधली ओल टॉवेलच्या टोकाने टिपत होती.

पायातल्या गमबुटांवरून सोसायटीतली मुलं तिला गमबूट मावशी म्हणत. लाँड्रीतली इस्त्री सुटली, दुखरे गुडघे तेवढे उरले. मग ती लोकांची कुत्री फिरवू लागली. पावसाळ्यात हे काम फिरवण्याचं कमी, पुसण्याचं जास्त. घरी दोऱ्यांवर टॉवेल वाळत नसत, नुसते लोंबत. सोबत राहणारी बहीण म्हणे, “अगं, हे घर आहे की ओल्या कुत्र्याचं पोट?” तरी त्या घरात तिने स्वतःचं जनावर कधी आणलं नव्हतं. दुसऱ्याचं परत करता येतं, दार लावून घेता येतं. तिच्या वाट्याचा आराम काय तो एवढाच.

तिसऱ्या मजल्यावर भुऱ्या होता. म्हातारा, एक डोळा दुधाळ झालेला. डोक्यावर थेंब पडला की तो जागच्या जागी बसे. उघडी छत्री धरली तरच उंबरा ओलांडे. त्याचे मालक अंथरुणाला खिळलेले, एकेकाळी घड्याळं दुरुस्त करणारे, म्हणून सगळ्यांचे घड्याळजी. घरात ते आणि त्यांची सून. मुलगा नोकरीसाठी दूर. सून दार बंद करून कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करी आणि मधल्या वेळात सासऱ्यांचं बघे.

पाऊस लागून राहिला तेव्हा एकदा भुऱ्याने दाराशीच केलं. सून फडकं पिळता पिळता म्हणाली, “बाबांचं मी करते. चादरी, भांडं, सगळं. पण एकाचंच होतं हो मावशी, दोघांचं नाही. परत घरात केलं ना, तर प्राण्यांच्या आश्रमाची गाडी बोलावणार.”

“गाडीत जागा एकालाच का?” आतून घड्याळजी म्हणाले. “मग चिठ्ठ्या टाकू या.”

सुनेला हसू आलं नाही. रागवायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी गमबूट मावशीने आपल्या किल्लीने दार उघडलं, तर चपलांच्या फळीपाशी पुन्हा डबकं. भुऱ्या दाराशी वाट बघत बसला होता आणि त्याला धीर धरवला नव्हता. तिने टॉवेलने घाईघाईने टिपलं. पण त्या हवेत फरशीवरची ओल पुसून जात नाही, तिला काहीतरी कारण द्यावं लागतं. आतल्या दाराची कडी वाजली. मावशीने हातातली गळकी छत्री त्या जागेवर उभी केली.

“काय हो मावशी! छत्री बाहेर ठेवा म्हणून किती सांगायचं?”

“चुकलं, ताई.”

मग ती रोजच चुकू लागली. रोज टॉवेल, वर छत्री, वर सुनेची बोलणी. सून फिनेल टाकून पुन्हा पुसून घेई. बोलणी खायला मावशीची हरकत नव्हती. इस्त्रीच्या टेबलाशी तिने याहून कडक खाल्ली होती. भुऱ्या घरात राहिला म्हणजे झालं.

एके दिवशी लख्ख ऊन पडलं. सगळ्या गॅलऱ्यांत गाद्या आल्या. गमबूट मावशीच्या मात्र हातापायांत पावसाळा मुरला होता. खाली गाड्या धुवायच्या नळाखाली तिने छत्री उघडून धरली.

“छत्रीला आंघोळ?” वॉचमनने विचारलं.

“तुलाही घालू का?” ती म्हणाली आणि जिना चढली.

डबकं होतंच. तिने टिपलं, छत्री टेकवली. सून उशा घेऊन गॅलरीकडे निघाली होती, ती थांबली. तिने गळणाऱ्या छत्रीकडे पाहिलं. मग मावशीच्या बुटांकडे. ते कोरडे होते, वर धूळ होती.

भुऱ्याने शेपटी एकदा हलवली आणि हलवायची नाही असं काहीतरी आठवून थांबवली.

सून उशा छातीशी धरून भिंतीला टेकली. ओरडली नाही.

“म्हणजे रोज मी तेच पुसत होते,” ती म्हणाली. “दिवसभर दुसरं काय करते मी? मला वाटायचं, निदान हे तरी नुसतं पाणी आहे.”

मावशीच्या तोंडाशी ‘चुकलं, ताई’ आलं आणि तिथेच राहिलं. एका म्हाताऱ्या जिवाला वाचवताना दुसऱ्या थकलेल्या जिवाला आपण काय पुसायला लावलं, हे तिला आत्ता कळत होतं. कळून उपयोग नव्हता. गाडी येणार, हेही दिसत होतं.

आतून खाट करकरली. घड्याळजींनी सगळं ऐकलं होतं.

“मावशी,” ते म्हणाले. “तुम्ही नेताय का त्याला? नेत असाल तर ओला होऊ देऊ नका. आणि मधून मधून दाखवून जा.”

घरच्या दोऱ्या, लोंबणारे टॉवेल, बहिणीचं तोंड, संध्याकाळचे मोकळे हात, सगळं मावशीने मनातल्या मनात एकदा पाहून घेतलं. मग फडकं आणून फरशी पुसली, फिनेल टाकून, कोपऱ्यापर्यंत. किल्ली फळीवर ठेवली. खाटेखालचं भुऱ्याचं गोणपाट गुंडाळून काखेत मारलं, त्याची वाटी पिशवीत टाकली, पट्टा अडकवला.

उंबऱ्याशी भुऱ्या सवयीने बसला. तिने छत्री उघडली, त्याच्या डोक्यावर धरली आणि त्याला घेऊन उन्हात निघून गेली.