चकाकणारा पंख

आज फ्रीजरमधला बर्फ खरवडताना बोटं बधिर झाली आणि मला चिकलठाण्याच्या विमानतळावरची ती डिसेंबरातली सकाळ आठवली. अवकाळी रिमझिम चालू होती. प्रवाशांना विमानात बसवणं हे माझं काम. उड्डाणाची वेळ टळली, तरी शहागंजात राहणारे आमचे म्हातारे तंत्रज्ञ शिडीवर उभे राहून पंखावरून उघडा हात फिरवत होते. मला वाटलं, नक्की काहीतरी मोडलंय आणि हे झाकतायत. मी शिडीवर चढलो. पंख तर नुसता चकाकत होता. "चाचा, खरं सांगा, काय लपवताय?" "हात लाव," ते म्हणाले. लावला, तर पाण्याखाली काचेसारखा गुळगुळीत बर्फ! "आपल्याकडं बर्फ?" "पंखातल्या टाकीतलं इंधन वरच्या थंडीत गारठून आलंय, त्याच्यावर पाऊस गोठला. डोळ्याला दिसत नाय, मियाँ. पण असल्या पंखानं विमान धावतं, उठत नाय." बर्फ काढेपर्यंत प्रवाशांच्या शिव्या मीच खाल्ल्या. आता पावसाळी थंडीत विमानात बसलो की मी हवाईसुंदरीला हळूच विचारतो, "पंखाला कुणी हात लावून बघितलाय का?" आणि ती माझ्याकडंच संशयानं बघते.