गप्प बसायची खुर्ची

"माझ्या विषयात मला आता कुणी काही विचारत नाही, म्हणून मी दुसऱ्यांच्या विषयांत जाऊन गप्प बसते."

आइली रौतियो हे एकदा लुसिएनला म्हणाली होती. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, वाटाण्याच्या सुपावर आलेली साय चमच्यानं बाजूला सारता सारता, बाहेर थंडी किती आहे हे सांगावं तितक्या सहज. लुसिएनला हसावं की नाही कळेना. मग तीच हसली, तेव्हा तोही हसला.

लुसिएन देरोझिए इतिहास शिकवायचा, आइली स्थापत्य अभियांत्रिकी. दोघांच्या इमारतींमध्ये गाड्या लावायचं उघडं मैदान होतं. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की ते ओलांडणं म्हणजे परमुलखात जाणं. तरी आइली जेवायला इकडेच यायची. तिच्या इमारतीत आता तिच्या वयाचं कुणी उरलं नव्हतं.

तिचा विषय बर्फ. गोठलेल्या तळ्यांवरून आणि दलदलींवरून हिवाळ्यापुरते जे रस्ते करतात, ते किती वजन पेलतात, कधी दगा देतात, हे तिनं तरुणपणी शोधलं होतं. मग लाकडाच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, हिवाळेही पूर्वीसारखे राहिले नाहीत, आणि तिच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या फ्रीजरमध्ये पोरं पिझ्झे ठेवू लागली. ती त्यांना रागवायची नाही. फक्त म्हणायची, "उणे वीसवर ठेवा रे, निदान आकडा तरी शिका."

गप्प बसण्याचं प्रकरण असं. कुणाचीही पीएचडीची तोंडी परीक्षा असली की तिथे एक अध्यक्ष लागतो, आणि तो दुसऱ्याच विभागातला असावा लागतो. कोण कुणानंतर बोलणार ते त्यानं पाहायचं, घड्याळ सांभाळायचं, परीक्षक एकमेकांच्या अंगावर जाणार नाहीत एवढं बघायचं. प्रश्न विचारायचा नाही, मत द्यायचं नाही. क्रिकेटच्या पंचाला निदान बोट तरी वर करता येतं. याला तेवढंही नाही. बाकीचे प्राध्यापक या कामाला शिक्षा समजत. आले तरी पेपरांचा गठ्ठा घेऊन येत आणि मांडीवर ठेवून तपासत बसत. आइली मात्र ऑफिसात जाऊन मागून घ्यायची. वर पुन्हा आख्खा प्रबंध वाचून यायची.

"आख्खा?" लुसिएननं विचारलं होतं.

"तळटीपांसकट."

"अगं, पण कशाला? तुला तर तोंड उघडायची बंदी."

"म्हणून तर मजेत वाचता येतं. प्रश्न काढायचा नसला ना, की माणूस वाचतो. नाहीतर शिकार करतो."

आणि मग सूप गार होईपर्यंत ती सांगत बसायची. बिझनेसवाल्यांच्या एका मुलीनं तीन भावांच्या हार्डवेअरच्या दुकानावर प्रबंध लिहिला होता. मोठ्या साखळी दुकानानं चांगला भाव दिला, तरी भावांनी ते विकलं नाही. का, तर कोणता खिळा कुठे आहे हे धाकट्यालाच माहीत, आणि त्याला दुसरीकडे नोकरी कोण देणार? "दोनशे पानं लिहून तिनं त्याला एक लांबलचक नाव दिलंय," आइली म्हणाली, "पण ती माया आहे रे, दुसरं काय." बर्फ ढकलणाऱ्या गाडीचं पातं कसं झिजतं यावर एका पोरानं चार हिवाळे घालवले होते. ते सांगताना तिचा आवाज असा हळवा व्हायचा, जणू पातं म्हणजे कुणा ओळखीच्याचे दात. इतिहासातल्या एका बाईनं रेल्वेच्या मुक्कामी मजुरांना जेवू घालणाऱ्या स्वयंपाकिणी शोधून काढल्या होत्या. त्यातल्या एकीचं नावच कुठे सापडलं नाही, म्हणून तिच्यासाठी एक पान कोरं सोडलं होतं.

"परीक्षकानं विचारलं, हे पान छापताना सुटलंय का. मी तर टेबलाखाली हात आवळून बसले होते."

"तुम्हा इंजिनिअरांना असलं आवडतं होय?"

"तुम्ही इतिहासवाले मेलेल्यांना छळता, बिझनेसवाले दिवाळं निघालेल्यांना. आम्ही बिचारे नुसतं काँक्रीट फोडतो. आम्हाला थोडं रडू द्या की."

लुसिएनला कधी कधी वाटे, हे विद्यापीठ म्हणजे उजाड माळावर खणलेल्या विहिरी आहेत. प्रत्येक जण आपल्या विहिरीच्या तळाशी, अंधारात, एकटाच खणतोय, आणि शेजारच्या विहिरीतला आवाज त्याला पाण्याचा वाटतोय. आइली तेवढी काठाकाठानं हिंडायची आणि वाकून प्रत्येकाला विचारायची, आहेस ना रे? उत्तराची वाट न बघता पुढे जायची.

"एवढं वाचून तू करतेस काय?" त्यानं एकदा विचारलं.

"काही नाही. शनिवारी सौना पेटवते. वाफेत बसून आठवते."

नवरा केव्हाच व्हँकुव्हरला निघून गेला होता. त्याच्याविषयी ती एवढंच म्हणायची की त्याला कोरडी हवा मानवत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी ती वेलदोड्याचा गोड पाव करून आणायची, फिनिश लोक करतात तसा वेणी घातलेला. तो परीक्षकांसाठी नसे. मतं घेण्याआधी विद्यार्थ्याला बाहेर बसायला सांगतात, तेव्हा ती त्याच्या हातात एक जाड तुकडा ठेवायची. "खा. चावताना माणसाला फार विचार करता येत नाही."

वेंडेल कीशिग हा लुसिएनचा विद्यार्थी. वय चाळिशीपुढे. सकाळी शाळेची बस चालवायचा आणि दुपारी ग्रंथालयात पेंगायचा. ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीतला. त्याचे आजोबा लाकूडतोडीच्या तळांवर घोडे हाकायचे. त्याच्या प्रबंधानं इतिहास, बिझनेस, इंजिनिअरिंग, तिन्ही विभागांना घाम फोडला होता. जुन्या काळी लाकूड ओढायचे ठेके घेणारे छोटे ठेकेदार एका दशकात पटापट बुडाले. बिझनेसची पुस्तकं म्हणतात, त्यांना धंदा कळत नव्हता. वेंडेलचं म्हणणं, त्यांना धंदा चांगला कळत होता, हिवाळ्यांनी दगा दिला. लाकूड ओढायच्या बिनचाकी घसरगाड्यांच्या वाटेवर पाणी शिंपडून बर्फाच्या चाकोऱ्या करायच्या, आणि त्या चाकोऱ्यांतून दोन घोडे वीस वीस टन लाकूड ओढायचे. ओळीनं तीन हिवाळे उबदार गेले, चाकोऱ्या धरल्या नाहीत, आणि त्याच घोड्यांना पाच टनही जड झालं. ही गोष्ट त्यानं वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून, पडताळून लिहिली होती. सात वर्षं त्यात गेली होती. त्याची मुदतही संपत आली होती. नापास झाला की नाव कटणार, दुसरी संधी नाही.

त्याच्या परीक्षक मंडळात बर्फ कळणारा एक इंजिनिअर होता. तो उन्हाळ्यात नोकरी बदलून अल्बर्टाला गेला. त्याच्या जागी कोण, असं लुसिएननं विचारलं तेव्हा ऑफिसातून निरोप आला, काळजी नको, आइली रौतियो आहेत ना, त्याही इंजिनिअरिंगच्याच. आणि तिचं नाव त्यांनी अध्यक्षाच्या जागी घातलं. लुसिएननंही मान डोलावली. खोलीत आइली असणार, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. कोणत्या खुर्चीवर असणार, हा विचारच त्याच्या मनात आला नाही.

नोव्हेंबरातली दुपार होती. चार वाजताच खिडक्या काळवंडल्या होत्या. टेबलाच्या एका बाजूला लुसिएन आणि बिझनेसचे न्वोसू, समोर कडक इस्त्रीच्या शर्टातला वेंडेल, टोकाला आइली. टोरांटोचे बाहेरचे परीक्षक डॉ. हॅवरगल भिंतीवरच्या पडद्यावर होते. बिझनेस इतिहासात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माणूस वाईट नव्हता. प्रबंध त्यांनी बारकाईनं वाचला होता, आणि नेमका त्यामुळेच घोटाळा झाला.

"मिस्टर कीशिग, दोन घोडे आणि वीस टन. हे तुम्ही खरं मानता?"

"हो. आमच्या मोझेस आजोबांनी ओढलंय."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. पण त्यांच्याबरोबर काम केलेल्या चौघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि आकडे जुळले. फोटोही दिलाय."

"तसले फोटो मी शेकडो पाहिलेत," हॅवरगल सौम्यपणे म्हणाले. "फोटोवाला आला की गाडीवर डोंगर रचायचे, दोन हात पुढे ओढायचे आणि उतरवायचे. तळांवरच्या लोकांना फुशारकीचा छंद होता. त्यात गैर काही नाही. पण तुमचा सगळा निष्कर्ष या आकड्यावर उभा आहे. आकडा गेला, तर तेच ठेकेदार पुन्हा अडाणी ठरतात."

"पाणी शिंपडलेल्या वाटेवर घोड्याला ओढावं लागतच नाही हो. एकदा हलली की गाडीच घोड्याच्या मागे लागते. उतारावर गवत टाकावं लागायचं, नाहीतर घोडे चिरडायचे."

"चित्र सुंदर आहे," हॅवरगल म्हणाले. "पुरावा हवा. मंडळात इंजिनिअर कोण आहे?"

न्वोसूंनी लुसिएनकडे पाहिलं, लुसिएननं टेबलाकडे. आइली तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसली होती. तिचा अंगठा मात्र टेबलाच्या गुळगुळीत कडेवरून हळूच पुढे मागे सरकत होता, पुन्हा पुन्हा. लुसिएनला एकदम उमगलं. ती गाडी ओढत होती. वीस टनांची, दोन घोड्यांची, तिच्या स्वतःच्या बर्फावरून. या खोलीत एकाच माणसाला उत्तर ठाऊक होतं, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडाला कुलूप घातलं होतं.

वेंडेलला बाहेर बसवलं. आइलीनं त्याच्या हातात पाव ठेवला. तिचं नेहमीचं वाक्य मात्र या वेळी ती बोलली नाही.

"मला वाईट वाटतं," दार लागल्यावर हॅवरगल म्हणाले, "पण मी याला पास करू शकत नाही. चौथं प्रकरण ऐकीव आहे, आणि बाकी सगळं त्याच्या खांद्यावर बसलंय."

"न्वोसू, तुमचं काय?" लुसिएननं विचारलं.

न्वोसूंनी चष्मा काढून पुसला. "लुसिएन, मला बर्फातलं काय कळतंय? आमच्या गावी, एनुगूत, बर्फ फक्त सरबतात. पोरगा मला आवडला, त्याचं वाचून मी दोनदा गहिवरलो. पण डॉक्टर हॅवरगल म्हणतात ते खोडायला माझ्याजवळ काही नाही. मी त्यांच्याबरोबर."

दोघं विरुद्ध एक. "आइलीला विचारू या," तो म्हणाला. "तिची हयात बर्फाच्या रस्त्यांत गेलीय. एकच प्रश्न."

"माफ करा," हॅवरगल म्हणाले. "अध्यक्षांनी विषयावर बोलायचं नसतं. त्या बोलल्या तर मला लेखी हरकत घ्यावी लागेल, मग त्या माझ्या बाजूनं बोलल्या तरीही. असा मिळालेला पास उद्या कुणीही रद्द करवेल. अशी पदवी तुम्हाला तरी हवीय का त्याच्यासाठी?"

त्यांचं खरं होतं. त्यांचं सगळंच खरं होतं, आणि म्हणूनच ते असह्य होतं.

"मग थांबू या. दुसऱ्या दिवशी घेऊ."

"कसं थांबणार, बाबा?" न्वोसू खाली मान घालून म्हणाले. "सुरू झालेली परीक्षा आपल्याला मोडता येत नाही. अध्यक्षच मधून उठून गेले तर गोष्ट वेगळी. मग परीक्षा झालीच नाही असं धरतात. नवी तारीख, मुदत वाढवून, मंडळ पुन्हा पहिल्यापासून निवडायचं, परीक्षक हवे ते घेता येतात. पण तसं कोण करतं? मागे केमिस्ट्रीत एकानं केलं, त्याला पुन्हा कधी त्या खुर्चीवर बसवलं नाही."

न्वोसू भोळेपणानं बोलले. त्यांच्या मनात काही नव्हतं. लुसिएनच्या मनात मात्र आलं, आणि आल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं आइलीकडे पाहायचं टाळलं. हे मागायचं म्हणजे काय मागायचं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दुसऱ्या कुणाला ती खुर्ची सुटली तर सुटका. हिच्याकडे दुसरं होतंच काय? निवृत्तीला अजून तीन हिवाळे होते. तीन हिवाळे दुपारी सूप प्यायचं, आणि सांगायला काही नाही. शनिवारी वाफेत बसायचं, आणि आठवायला काही नाही. भावांची दुकानं, झिजलेली पाती, स्वयंपाकिणींची कोरी पानं, सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवरच्या गठ्ठ्याखाली जाणार.

"तर मग," हॅवरगल म्हणाले, "अध्यक्षबाई, मतं नोंदवून घेता का?"

आइलीनं घड्याळाकडे पाहिलं. मग पडद्याकडे, आदरानं, एखादी चांगली पण चुकलेली आकडेमोड पाहावी तसं. लुसिएनकडे तिनं जरा जास्त वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत ना राग होता ना उपकार. कँटीनमध्ये काही सांगायच्या आधी तिच्या चेहऱ्यावर जी खोडकर छटा यायची, तसलं काहीसं होतं, आणि त्याखाली खूप खोल काहीतरी काळं, थंड, स्थिर.

"आइली," लुसिएन म्हणाला.

ती उठली. खुर्चीच्या पाठीवरचा कोट तिनं अंगात चढवला, सगळी बटणं लावली, अगदी वरचंसुद्धा. लोकरीची टोपी कानांवर ओढली.

"मॅडम?" पडद्यावरून हॅवरगल म्हणाले. "मॅडम, आपण कुठे..."

आइलीनं दार उघडलं आणि एक शब्दही न बोलता ती निघून गेली.