रुमालाखालची उत्तरं

मारोती रोज पहिल्या रांगेत बसत होता आणि मी रोज त्याची गैरहाजिरी लावत होतो.

त्याचं असं झालं. हजेरीला मी नाव पुकारायचो. मुलांनी "हाजिर" म्हणायचं असतं. हा काहीच म्हणायचा नाही, नुसता हात वर करायचा. आमच्या शाळेत हात वर केला म्हणजे लघवीला जायचं आहे. मी म्हणायचो, "जा बाबा." तो गोंधळून माझ्याकडे बघायचा आणि मुकाट्यानं बाहेर जायचा. इकडे मी मारोतीच्या नावापुढे गैरहाजिर लिहायचो. तो परत येऊन बसेपर्यंत हजेरी संपलेली असायची. माझी समजूत अशी, की मारोती नावाचा एक पोरगा शाळा बुडवून राह्यला आहे आणि पहिल्या रांगेतल्या दुसऱ्या एकाला मूत्रविकार आहे.

शेवटी त्या बुडव्या मारोतीच्या बापाला मी निरोप धाडला. लक्ष्मणराव कापसाच्या बाजारातले दलाल. धावत आले. पहिल्या रांगेतल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, हा काय तुमच्या नाकासमोर बसला! त्याले बोलता येत नाही. सदर साहेबांले सांगतलं होतं मी."

सदर म्हणजे आमचे हेडमास्तर. ते मला सांगायचं विसरले होते. पण नाकासमोरचं पोरगं दिसायला हेडमास्तरांनी सांगावं लागतं, असं थोडंच आहे.

ही निजामाच्या अमलातली आदिलाबादची शाळा. मारोतीला लहानपणी ताप आला, तो डोक्यात गेला. कान शाबूत, अक्कल शाबूत, पण जीभ वळेना. बोटंही अशी, की मूठ घट्ट बसे, पण पेन्सिल धरली की निसटे. म्हणजे बोलणं नाही आणि लिहिणंही नाही. आणि वर्षाकाठी शाळा तपासायला मोहतमिम साहेब येत. ते पोरांना तोंडी विचारत किंवा पाटीवर लिहायला लावत.

तेवढ्यात सदर साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्टर साब, जो बच्चा बोलता नहीं, लिखता नहीं, उसको पास कैसा करना? मोहतमिम साब बोले तो नाम काटना पडता."

लक्ष्मणराव तिथंच उभे होते. म्हणाले, "नाव काटलं तर काय करता? अडतीवर कापसाच्या गंजीपाशी बसवतो. बसन ढोरं हाकलत."

मारोतीनं ते ऐकलं. कान शाबूत होते, सांगितलंच. त्यानं माझ्या धोतराचा सोगा मुठीत धरला आणि बाप निघून गेला तरी सोडला नाही. मला त्या दिवशी उभ्यानंच शिकवावं लागलं.

मग मी युक्त्या सुरू केल्या. पहिली युक्ती, पेन्सिल हाताला चिंधीनं बांधायची. त्यात दोन पाट्या फुटल्या आणि शेजारच्या पोराच्या गालावर रेघ उमटली. दुसरी, फळीवर मोठाले आकडे काढायचे आणि त्यानं बोट ठेवायचं. त्याचा हात हवेत भिरभिरायचा आणि चार-सहाच्या मध्ये पडायचा. मी म्हणायचो, "चार?" तो मान हलवायचा. ती मान हो होती का नाही, हे मला कळत नव्हतं. तिसरी, मी आकडे मोजत जायचे आणि त्यानं बरोबर जागी हुंकार द्यायचा. बावीसपर्यंत जाईस्तोवर अर्धा वर्ग माझ्यासोबत मोजायला लागायचा, आणि हुंकार कोणाचा, हेच समजेना.

एके दिवशी फळीवर त्याचा हात स्थिर करावा म्हणून मी तो धरला. विचारलं, "पाचातून दोन गेले?" त्यानं माझी तीन बोटं करकचून दाबली. मला वाटलं, झटका आला. मग त्यानं दुसऱ्या हातानं माझं उपरणं ओढलं आणि आमचे हात झाकले. मला वाटलं, थंडी वाजते. बाहेर होळीनंतरचं ऊन होतं. तरी मी त्याला उपरणं पांघरून दिलं. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाह्यलं, की तशी नजर आजवर फक्त घरी पाह्यली होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. उपरणं ओढलं, बोटं दाबली. तिसऱ्यांदा झालं तेव्हा बापालाच विचारावं म्हणून मी बाजारात गेलो. बैलगाड्यांच्या गर्दीत लक्ष्मणराव एका व्यापाऱ्यासमोर उभे होते. दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली. तोंडातून शब्द नाही. मधूनच एकाची भुवई वर, दुसऱ्याची मान आडवी. बराच वेळ चाललं. मग हात सुटले, व्यापारी गेला.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"हत्ता," लक्ष्मणराव म्हणाले. "एक बोट धरलं का एक. पाची धरले का पाच. सहा म्हणाचं तर पाची धरून सोडाचे आन मंग एक. भाव ठरते आन बाजूच्याले कळत नाही."

"तुमचा मारोती माझ्याशी हेच करून राह्यला!"

लक्ष्मणराव खुश व्हायच्या ऐवजी इकडे-तिकडे बघायला लागले. "तो माह्या मांडीवरच वाढला ना बाजारात. मीच त्याचा हात धरून बसो. पण मास्तर, हे शाळेत उघडं करू नका. साऱ्या पोरांले समजलं तर रुमाल कायले पाह्यजे आमाले?"

मी शब्द दिला. उपरण्याखालीच करू. त्या दिवसापासून मारोतीचं गणित धडाधड चाललं. बेरीज, वजाबाकी, पाढे. विचारलं की पहिल्याच दाबाला उत्तर बरोबर. अंगठा दाबला म्हणजे पाणी, करंगळी म्हणजे बाहेर जायचं, हे त्यानंच ठरवलं आणि मला शिकवलं. मी स्वतःला मोठा शोधक समजायला लागलो.

मोहतमिम साहेब आले. मी हातांवर उपरणं टाकून मारोतीजवळ बसलो, तसे त्यांचे डोळे बारीक झाले. "उत्तर बच्चा दे रहा कि आप?" त्यांनी मला दाराशी उभं केलं, बोटांचा हिशेब समजून घेतला आणि स्वतःचा रुमाल काढून मारोतीचा हात हातात घेतला.

"सोला में से नौ गए?"

रुमाल हलला. साहेब म्हणाले, "नौ बोल रहा."

सदर साहेबांनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात ओरडलो, सात, पोरा, सात! हे उत्तर त्यानं माझ्यापाशी कितीदा दिलं होतं.

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. "अब आठ बोल रहा." पुन्हा मान हलवली. "अब सात."

"चार और चार?" आधी दहा आले. मग नऊ. मग आठ.

"अंदाज मार रहा है," साहेब म्हणाले. "मैं गर्दन हिलाता तो एक कम करता. ये कोई हिसाब नहीं."

मी पार गोंधळून गेलो. पोरगा घाबरला म्हणावं, तर चेहरा बिलकूल शांत. उलट साहेबांकडे एक भुवई वर करून बघत होता. ती भुवई बघितली आणि मला बैलगाड्यांमधले लक्ष्मणराव दिसले.

"साहेब!" मी दारातूनच ओरडलो. "अंदाज नहीं, वो भाव कर रहा है! आप अनजान आदमी हो, इसलिए दो ज्यादा से शुरू करता! आप और नीचे खींच के देखो!"

सदर साहेबांनी कपाळाला हात लावला. पण मोहतमिम माणूस कुतूहलाचा होता. त्यांनी नवा सवाल घातला, "तीन और दो?" सात आले, सहा आले, पाच आले. आता साहेबांनी स्वतः त्याची चार बोटं दाबली. मारोतीनं मान आडवी हलवून पाचच दाबली. साहेबांनी तीन दाबली. मारोतीनं रुमालातून हात काढून घेतला, दुसऱ्या हाताच्या काखेत घातला आणि तोंड फिरवलं. सौदा मोडला.

साहेब रिकाम्या रुमालाकडे बघून पोट धरून हसले. त्यांनी आणखी सात-आठ सवाल घातले. प्रत्येक वेळी पोरगा दोन जास्त सांगून सुरू व्हायचा, बरोबर उत्तरावर यायचा, आणि तिथून साहेबांनी काही केलं तरी खाली उतरायचा नाही.

"पास," साहेब उठता उठता म्हणाले. "नाम मत काटना. मगर मास्टर साब, इसको बोलो, सरकार से भाव नहीं करते."

मारोती वरच्या जमातीत, म्हणजे वरच्या वर्गात गेला. लक्ष्मणरावांनी शाळेला गूळ-शेंगदाणे वाटले आणि रुमालाबद्दल चकार शब्द काढला नाही. मी त्यातून एवढंच शिकलो, की मुक्या पोराला बोलायची वाट सापडली म्हणून मास्तरनं नाचू नये. ती वाट जिथून आली, तिथली सारी रीतही सोबत येते, आणि ती परीक्षेच्या दिवशीच दिसते.

घरी आलो तेव्हा ही भाकरी थापत होती. सारी हकीकत सांगितली. शेवटी जरा छाती फुगवून म्हणालो, "साहेबांशी भाव केला, पण माझ्याशी एकदाही नाही. पहिल्या झटक्यात खरं उत्तर. मला तो घरचा माणूस समजतो."

"घरचा कायचा?" ही भाकर उलटवत म्हणाली. "काल वांगेवालीनं जे मांगतलं ते देऊन आले ना तुमी? हात धरल्याबरोबर वळखलं असन पोरानं, का या माणसाले भावच करता येत नाही."