कुसुममावशींचा दुपारचा फोन

दुपारी दोनच्या सुमाराला फोन वाजला. मी उचलला आणि नेहमीसारखी गप्प उभी राहिले. हॅलो म्हणायची पद्धतच नव्हती आमच्यात. त्या वेळेला मला फोन करणारं माणूस अमेरिकेतल्या आमच्या या अख्ख्या पार्सिपनी गावात एकच, आणि तेही बोलायचं नाही. रिसीव्हर रेडिओजवळ धरायचं. मी गाणं सुरू व्हायची वाट बघतेय... आणि पलीकडून मंदारचा आवाज आला, "वैशाली, आहेस ना? आई गेली गं. सकाळीच." त्याला काय बोलले, आठवत नाही. फोन ठेवला आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. नात्यागोत्याच्या नव्हत्या त्या माझ्या. पण ती अंघोळ मी का केली ते पुढे सांगते.

कुसुममावशी साताऱ्याच्या. तिथे गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायच्या. यजमान गेल्यावर मंदारने त्यांना इकडे आणलं. मंदार आणि सून ऋजुता दोघंही आयटीत. सकाळी गाड्या काढून जायची ती दिवेलागणीला उगवायची, नात डेकेअरला. मी नागपूरची, नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेली. म्हणजे एम.एस्सी. करून यायचं आणि घरात बसायचं, नोकरी करायची परवानगी नाही. दोन हजार दोनच्या संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात आमची ओळख झाली. घरं तशी जवळ, पण मध्ये सहा लेनचा रस्ता, फुटपाथचा पत्ता नाही, मावशींचे गुडघे धड नाहीत आणि मला ड्राइव्ह करता येत नाही. इतक्या जवळ राहून आम्ही फोनवरच भेटायचो, ही या देशाची तऱ्हा.

मंदारने कुठल्याशा गराज सेलमधून त्यांना जुना रेडिओ आणून दिला होता, काट्याचा. चाळा करता करता त्यांना जुन्या अमेरिकन गाण्यांचं स्टेशन सापडलं आणि काचेवर त्या जागी त्यांनी आपली एक लाल टिकली चिकटवून टाकली. इंग्रजीचा गंध नाही. "बरंय की," म्हणायच्या, "शब्द मध्ये कडमडत नाहीत." गायकांची नावं कळेनात म्हणून यांनीच बारसं केलं. नाकात गाणारा, गिटारवाला, तो सर्दीवाला. खर्जातली एक बाई होती, ती पाटलीणबाई. ढोल बडवत ओरडणारी चार पोरं म्हणजे आरडाओरडा मंडळ. जेवण आवरून दोनच्या सुमाराला त्या रेडिओ लावून बसायच्या आणि आवडतं गाणं लागलं की माझा फोन वाजायचा. गाणं संपलं की मावशींचा आवाज, "झालं. ठेवते." बस, एवढंच. मला सुरुवातीला वैताग यायचा. आमच्या घरात लताबिताशिवाय काही चालायचं नाही, ही गाणी कोण ऐकणार! पण एकदा म्हणाल्या, "हा सर्दीवाला आज गाडी चालवत चालवत रडतोय बघ. बायको गेली असणार सोडून." मी शब्द नीट ऐकले तर खरंच बायको गेली होती, ट्रक तेवढा उरला होता. त्या दिवसापासून दुपारी दोनला मी फोनच्या आसपास घुटमळायला लागले.

मग एकदा त्यांनी विचारलं, हा सर्दीवाला राहतो कुठे, त्याचा कार्यक्रम असला तर मंदारला सांगून तिकिटं काढू, दोघी जाऊ. मी गाण्याच्या ओळी टाकून कॉम्प्युटरवर शोधलं. तो गाणारा माझ्या जन्माआधीच गेलेला. सांगितलं तसं. "थांब जरा," म्हणाल्या आणि रिसीव्हर नुसताच बाजूला ठेवला. मी आपली हॅलो हॅलो करतेय. बऱ्याच वेळाने आल्या.

"अंघोळ करून आले. गेल्याचं कळलं की करायची असते."

"अहो मावशी, तीस वर्षं झाली असतील त्याला!"

"मला आज कळलं ना."

मग पाटलीणबाईची चौकशी झाली, आरडाओरडा मंडळाची झाली. एकेक शोधून सांगत गेले. बरेचसे गेलेलेच निघाले. मावशी म्हणाल्या, "असू दे. जिवंत माणसं सगळी ऑफिसात असतात." मी हसले खरी, पण त्या संध्याकाळी माझं स्वयंपाकात लक्ष लागेना.

दोन-तीन वर्षांपूर्वी एके सकाळी ते स्टेशनच बदललं. ना सूचना, ना काही, एकदम आजकालची धडधड गाणी सुरू. मावशींचा जीव कासावीस झाला. कितीतरी दिवस दुपारचा फोन यायचा आणि नुसती खरखर ऐकू यायची. काटा फिरवत बसलेल्या असायच्या. शेवटी कुठूनतरी लांबून येणारं एक क्षीण स्टेशन लागलं आणि सर्दीवाला सापडला. टिकली हलली. जुन्या जागेवर डिंकाचा डाग तेवढा राहिला.

तेराव्याला लोक म्हणत होते, छान मरण आलं, कुणाला त्रास नाही दिला. मला रागच आला. त्रास देण्यापुरतं तरी कुणी दिवसा घरी असायला हवं होतं की नाही? निघताना मंदारने रेडिओ माझ्या हातात दिला. त्याला वाटलं, आईच्या आठवणीची वस्तू म्हणून शोकेसमध्ये ठेवेन.

मी तो ओट्यावर ठेवला, टिकली तशीच. परवा दुपारी भांडी आवरत होते आणि सर्दीवाला लागला. हात आपोआप फोनकडे गेला. मावशींच्या घरचा नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली, मग निरोप टेप करणारं मशीन लागलं. मी रिसीव्हर रेडिओजवळ धरला. गाणं संपल्यावर म्हटलं, "झालं. ठेवते." ठेवल्यावर मात्र ओट्याला टेकून खूप रडले.

संध्याकाळी मंदारचा फोन आला. घरी आल्यावर त्याने मशीनवरचं गाणं ऐकलं होतं.

"आई हे ऐकायची?"

"रोज."

"मला माहीतच नव्हतं गं..." मग म्हणाला, "पुन्हा लावशील?"

रेडिओवरचं गाणं पुन्हा कसं लावणार, म्हटलं. उद्या लागलं तर दुपारी दोनला फोन करीन.

"दुपारी आमच्याकडे कुणीच नसतं."

"माहीत आहे," मी म्हटलं.