बेबीनंदाबाईंची मोठी अंगणवाडी

वाटूरच्या अंगणवाडीत बेबीनंदाबाईंनी इतकी वर्षं काढली होती, की समोर मिशीवाला माणूस आला तरी त्याचं नाक स्वच्छ आहे का, ते त्या आधी बघत. मी त्यांचा शेजारी. माझे केस पांढरे झाले तरी चहा देताना त्या विचारायच्या, "हात धुतले का?" मी मुकाट्याने उठून धुवून यायचो. त्यांच्याशी वाद घालायची हिंमत गावात एकाचीच होती, त्यांच्या मुलाची, वसंताची.

हा वसंता शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर गेला. फाट्याजवळच्या अरुंद पुलाच्या कठड्यावर गावातली तरणी पोरं संध्याकाळी बसत. दुसरी जागाच नव्हती. हॉटेलवाला उठवायचा आणि पारावर म्हातारे. एके दिवशी एक ट्रक कठड्याला घासून गेला. टोकाला वसंता बसलेला. बाकीची पोरं वाचली आणि महिन्याभरात पुन्हा त्याच कठड्यावर जाऊन बसली. ते पाहून बाई रडायच्या थांबल्या आणि भडकल्या.

"अंगणात खोली बांधायची," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "लेकरं बुद्धाच्या पायाशी बसतील, पण त्या पुलावर बिलकुल न्हाई." साहेबरावांनी मान हलवली. घरातले निर्णय घेण्यात त्यांचा वाटा नेहमी एवढाच असे.

पत्र्याची खोली उभी राहिली. आत तथागतांची तसबीर, खाली सतरंजी, कोपऱ्यात कॅरमबोर्ड. आणि बाजूच्या भिंतीवर हार घातलेला वसंताचा मोठा फोटो. मग बाई स्वतः पुलावर गेल्या आणि वीस-वीस वर्षांच्या पोरांना एकमेकांचे हात धरायला लावून, ओळीनं घेऊन आल्या. फाट्यावरची माणसं बस सोडून ती मिरवणूक बघत राहिली.

खोलीचे नियम अंगणवाडीचेच. चपला रांगेत, हातपाय धुतलेले. आधी वंदना आणि पंचशील. बाईंचा आवाज खणखणीत, सुराशी मात्र त्यांचं कधी पटलं नाही. साहेबराव नेमके तेव्हाच अगरबत्ती आणायला बाहेर पडत. त्यानंतर वसंतासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. शोकसभेत आपण एकदा उभे राहतो, इथं ती रोज संध्याकाळी होती. मग चहा, मग खेळा काय खेळायचं ते.

पोरं खेळेनात. चहा पिऊन एकेक जण सटकायचा, तो थेट पुलावर. बाईंनी ठरवलं, दोष चहाचा. आलं वाढलं, साखर वाढली, पुढं चिवडाही आला. फरक पडेना, तेव्हा त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "वंदना दुसऱ्या कुणाला म्हणू द्या." पुढं बरेच दिवस मला चहा मिळाला नाही.

शेवटी त्यांनी पुलावर पुंजारामला गाठलं. हा वसंताचा जिवलग दोस्त.

"चहा गोड न्हाई का रं?"

"चहा चांगलाय, मावशी," पुंजाराम खाली बघत म्हणाला. "पण फोटोसमोर उभं राह्यलं की वाटतं, हा माझ्या बाजूलाच बसल्ता, मंग मीच कसा वाचलो? त्याच्यासमोर खेळायचं, हसायचं, लाज वाटती."

"माझ्या लेकराचा फोटो माझ्याच अंगणात नको?" बाई कडाडल्या आणि तरातरा घरी आल्या. त्या दिवशी खोलीला कुलूप. शेजारून ओरडण्याचा आवाजही आला नाही. मला त्याचीच काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, "जल्दी या, स्टूल धरा." भिंतीवरून वसंताचा फोटो उतरवून त्यांनी तो पदराने पुसला. मला फार वाईट वाटलं. फोटो आतल्या खोलीत नेऊन त्या म्हणाल्या, "दोन मिनिटं आता मी एकटीच उभी राहीन."

संध्याकाळी पोरांना पुन्हा गोळा करून आणलं. वंदना झाली. रिकाम्या भिंतीकडे बघत पोरं तशीच अवघडून बसली. तेव्हा बाई पदर खोचून कॅरमपाशी बसल्या. न्हाऊ घातलेल्या बाळाला लावावी तशी त्यांनी बोर्डाला पावडर थापली, डोळे बारीक केले आणि स्ट्रायकर असा हाणला, की तो उडून साहेबरावांच्या चहात पडला.

साहेबरावांनी कपात बोट घालून तो काढला, पुसला आणि परत दिला. पोरं ओठ चावून बसलेली.

"पुंजा, वसंता असता तर काय केलं असतं रं?"

"लई हसला असता, मावशी. लोळला असता."

"मंग हसा की! माझ्या तोंडाकडं काय बघून राह्यले?"

आधी पुंजाराम फुटला, मग सगळेच. ते थांबेनात. बाई दम देऊन बघू लागल्या, पण त्यांनाही हसू आवरेना. अंधार पडल्यावर मी मुद्दाम फाट्यापर्यंत जाऊन आलो. कठड्यावर कुणीही नव्हतं.